मागची पाटी

"हलू नको बे," बाबा बडग्याला म्हणाले आणि त्याच्या डाव्या डोळ्यात काळा ठिपका ठेवला.

मग दोन पावलं मागे सरकून त्यांनी मान तिरकी केली. नऊ फुटांचा बडग्या अंगणातल्या भिंतीला टेकून त्यांच्याकडे पाहत होता. बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, त्यावर रद्दीचे थर, थरांवर खळ, खळीवर रंग. गळ्यात लाल फीत. आणि उजवे हात तीन. तिन्ही हातांत चंदेरी कागदाच्या कात्र्या.

"तीन हात म्हणजे जास्तच झाले का?" त्यांनी विचारलं.

"उद्घाटनं तीनच झाली ना?"

"तीनच. चौथं झालं असतं तं चौथा लावला असता. बांबू होता."

मी फोन काढला आणि फोटो घेतला. बाबांनी ब्रश पाण्यात बुडवता बुडवता पाहिलं.

"आताच कायले? अजून मागची पाटी व्हायची आहे."

"असाच, माझ्यासाठी," मी म्हटलं.

अकरा वर्षं झाली. पोळ्याची संध्याकाळ होती, पलीकडच्या मैदानातून ढोल ऐकू येत होते, आणि मी पुण्याहून त्याच दुपारी आले होते.

नागपूरबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे मारबती निघतात. एक काळी, एक पिवळी. त्यांच्या मागे गल्लोगल्लीचे बडगे. वर्षभरात लोकांना ज्याने ज्याने छळलं त्याचा पुतळा करायचा, पाटी लावायची, ओरडत मिरवायचा आणि गावाबाहेर नेऊन जाळायचा. रोगराई घेऊन जा गे मारबत. महागाई घेऊन जा गे मारबत. आमच्या जुन्या विणकरांच्या गल्लीचा बडग्या अडतीस वर्षं बाबा करत होते. श्रावण कोहाड, पेंटर. फ्लेक्स येण्याआधी अर्ध्या नागपुरातल्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या.

त्यांचे नियम होते. बडग्याला नाव द्यायचं नाही. कोणाचा चेहरा द्यायचा नाही. "पाटी वाचून ज्याले लागंल त्याचा तो बडग्या," ते म्हणायचे. आणि पाट्या दोन. छातीवरची पाटी सत्तेत असतील त्यांच्यासाठी, पाठीवरची विरोधात असतील त्यांच्यासाठी. बडग्या येताना दिसला की अर्धे लोक हसायचे आणि अर्ध्यांची तोंडं उतरायची. तो पुढे गेला की पाठ दिसायची आणि तोंडं बदलायची.

याहून मोठी गंमत खांद्यांची होती. बडग्या दोन आडव्या बांबूंवर उभा करून न्यायचा. पुढच्या बांबूला बबनकाका पराते, मागच्या बांबूला विठ्ठलकाका निनावे. दोघंही बाबांच्या शाळेपासूनचे दोस्त. बबनकाका एका पक्षाचे वॉर्डातले कार्यकर्ते, विठ्ठलकाका दुसऱ्याचे. बाबांचा कायदा असा, की ज्याच्या पक्षाची पाटी त्याच्याच खांद्यावर. आपली बदनामी आपणच वाहायची. सरकार बदललं की दोघांनी जागा बदलायच्या. दरवर्षी अंगणातून निघताना विठ्ठलकाका ओरडायचे, "बबन्या, पुढं पाहून चाल, खड्डे तुमचेच आहेत!" आणि पुढून बबनकाका, "मागं राहायची सवय झाली ना तुमाले? मग चूप राह्य!"

मागची पाटी माझी होती. सात वर्षांची असल्यापासून. बाबा पाटी पांढरी करायचे, पेन्सिलीने दोन दोन रेघा आखायचे, कारण माझी अक्षरं उतारावरून घसरत जायची. डाव्या कोपऱ्यात एक बारीक फुली करायचे. इथून सुरू कर. नाहीतर शेवटचा शब्द पाटीबाहेर जातो. पहिल्या वर्षी मी लिहिलं होतं, 'भाषण गोड, साखर महाग'. आई तेव्हा होती. तिने मला ओवाळलं होतं.

पुण्याला गेल्यावरही पोळ्याला मी येतच राहिले. एक-दोनदा जमलं नाही तेव्हा फोनवर ओळ सांगितली, आणि बाबांनी ती माझ्यासारख्या मोठ्या, जराशा घसरत्या अक्षरांत लिहिली. मला हे विठ्ठलकाकांनी सांगितलं. बाबा बोलले नाहीत.

त्या वर्षीची पुढची पाटी तयार होती. 'एक पूल, तीन फिती'. आमच्या भागातल्या एका उड्डाणपुलाचं तीनदा उद्घाटन झालं होतं. आणि विरोधकांनी त्याच पुलाच्या विरोधात साखळी उपोषण केलं होतं, नेमकं पुलाखालीच, कारण बाकी कुठे ऊन सोसवेना.

"ओळ सुचली का?" बाबांनी ब्रश पुसत विचारलं.

"गाडीतच सुचली. 'पूल नको म्हणाले, सावलीत झोपले'."

बाबा मोठ्याने हसले. मग ठसका लागला, मग पुन्हा हसले. "विठ्ठल्याले उद्या खांद्यावर घेऊन जाताना घाम फुटंल. सकाळी लिही. आता हात थकला असंल तुझा, गाडीत बसून बसून."

"गाडीत बसून हात थकतो का, बाबा?"

"थकते. शिरोरेघ वाकडी जाते. पाटी मी आता पांढरी करून ठेवतो, सकाळपर्यंत वाळंल."

मी तेव्हा एका वेबसाइटच्या विनोदी पानाची प्रमुख होते. पानाचं नाव 'खाजकुयली'. खोट्या बातम्या, खऱ्या माणसांवर. लोकांना आवडायचं. आमचे संपादक सलील यांचं म्हणणं होतं की नाव घेतल्याशिवाय चावत नाही, आणि पहिला आला नाही तर तो विनोद नाही, उतारा आहे. मारबतीचे फोटो दुसऱ्या दिवशी सगळेच टाकणार होते. माझ्याकडे आदल्या संध्याकाळी होता.

जेवण झाल्यावर मी तो टाकला. खाली फिती कापणाऱ्या आमच्या आमदारांचं नाव लिहिलं.

*

सकाळी सहाला उठले तेव्हा फोन गरम झाला होता. काही हजार लोकांनी फोटो पुढे पाठवला होता. आमदारांच्या माणसांनी 'बडग्याचे हात तोडा' अशी मोहीम काढली होती. विरोधी पक्षाच्या दोन नेत्यांनी बडग्याला स्वतःच्या फोटोच्या जागी लावलं होतं. एका चॅनेलवर खालून पट्टी सरकत होती : मारबतीच्या आडून कोणाचा अपमान? सलीलचे सात मिस्ड कॉल.

अंगणात बाबा पाटी गुडघ्यावर घेऊन रेघा आखत होते. त्यांच्याजवळ साधा फोन होता. त्यांना काहीही माहीत नव्हतं.

मी सांगणारच होते. पण फाटकातून बबनकाका आत आले. दरवर्षी ते पांढरा सदरा, डोक्याला रुमाल बांधून, पोहे खायला येत. त्या दिवशी सदरा होता, रुमाल नव्हता.

"श्रावण, हे का आहे बे?" त्यांनी फोन बाबांच्या नाकासमोर धरला.

बाबांनी चष्मा वर केला, खाली केला. बराच वेळ पाहिलं.

"आपला बडग्या आहे."

"अन् खाली?"

"नाव आहे." बाबांनी फोन परत दिला. माझ्याकडे पाहिलं नाही. "नाव मी नाई लिहिलं, बबन."

"ठाऊक आहे मले तू नाई लिहिलं! अडतीस वर्षं पाहून राहिलो ना तुले." मग ते माझ्याकडे वळले. लहानपणी मला खांद्यावर बसवून त्यांनी मारबत दाखवली होती. "करू, बाई, तू लिहिलं?"

"काका, ते आमच्या पानाचं असतं तसं. विनोदच आहे."

"विनोद तं आहेच. मी का समजत नाई?" ते पायरीवर बसले. "रात्रीपासून पोट्टे घरी येऊन राहिले माया. म्हणतात, काका, आपल्या आमदाराची धिंड तुम्ही आपल्या खांद्यावर नेणार? मी म्हटलं, नेणार. दरवर्षी नेतो. मागं त्यांचीही आहे. तं म्हणतात, कुठं आहे? फोटोत तं नाई. दाखवा. आता का दाखवू मी त्यांले? माये हात?"

"मागची आता होते," बाबा म्हणाले. "आखली. करू लिहिते, दोन मिनिटांचं काम. मग बांधू. मग बोलाव तुझ्या पोट्ट्यांले, अन् वाचून दाखव. दोघांचीही हजामत एकाच न्हाव्याकडे आहे म्हण."

बबनकाका हसले नाहीत, पण खांदे सैल झाले. "अन् तिचाही फोटो टाकंल का ही?"

"टाकते, काका," मी म्हटलं. "लिहून झालं की लगेच."

"अन् ते नाव?"

"काढते."

"काढ माय. नावानं घोळ होते." ते उठले. "मी कोपऱ्यावर आहे. निघायच्या आधी पाटी बांधली का आवाज द्या."

ते फाटकापाशी पोचले तोच विठ्ठलकाका आत आले. कडक इस्त्री, गळ्यात पक्षाचा दुपट्टा. मारबतीला दुपट्टा घालायचा नाही असंही ठरलेलं होतं, पण ते विसरले असावेत. दोघं फाटकात समोरासमोर थांबले.

"काऊन बबनराव, पळाले का?" विठ्ठलकाका म्हणाले.

दरवर्षी 'बबन्या' असायचं.

बबनकाका निघून गेले. विठ्ठलकाका थेट बडग्याजवळ गेले, त्याच्या तीन हातांखाली उभे राहिले आणि स्वतःचाच फोटो काढू लागले. "श्रावणभाऊ, साऱ्या महाराष्ट्रानं पाहिला आपला बडग्या! मुंबईहून फोन आला मले. मुंबईहून!"

"बस विठ्ठल. पोहे खा. पाटी व्हायची आहे."

"आता मागची कायले?"

बाबांनी पेन्सिल कानावर ठेवली. "कायले म्हणजे?"

"अरे, एवढा लागला बाण, तं तू त्याले मागून धागा बांधून राहिला! या वर्षी राहू दे. पुढच्या वर्षी दोन लाव आमच्या."

"तुझा बांबू मागचा आहे, विठ्ठल. पाटी नसंल तं तू कायच्या मागं चालणार?"

मी ब्रश घेतला होता. निळा रंग डबीत काढला होता. तेवढ्यात फोन वाजला.

*

सलील होता. चॅनेलला मी हवी होते, थेट, साडेआठला. आमदारांचा प्रवक्ता समोर असणार होता. "घरूनच दे. मागे काहीतरी गावठी दिसू दे, माठबीठ."

"नाव काढायचं म्हणते आहे मी," मी म्हटलं. "आणि बडग्याची दुसरी बाजूही टाकते. मागे विरोधकांवर पाटी असते, ती..."

"आत्ता?"

"हो. पद्धतच आहे तशी."

"करुणा, ऐक. नाव काढलंस तर घाबरली म्हणतील. आणि दुसरी बाजू आत्ता टाकलीस तर पोस्ट मेली. कोणालाच काही वाटणार नाही. संध्याकाळी टाक ना, वेगळी. आत्ता फक्त साडेआठचं बघ."

मी नाही म्हणाले नाही. संध्याकाळी टाकू, एवढंच मनात आलं. ते मला तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं.

मी आतल्या खोलीत गेले, कपडे बदलले, फोन डब्यांच्या उतरंडीला टेकवून उभा केला. खिडकी अंगणात उघडत होती. मी ती ओढून घेतली.

"करू," बाहेरून बाबा. "ये माय. पाटी आखून ठेवली."

"दोन मिनिटं, बाबा."

चॅनेलवाल्यांनी जोडून घेतलं. आधी जाहिराती. मग निवेदिकेचं लांबलचक प्रास्ताविक. मग प्रवक्ता. तो म्हणाला, ही परंपरा नाही, परंपरेचा गैरवापर आहे. मी म्हणाले, सत्तेवर हसणं हीच परंपरा आहे. तो म्हणाला, एकाच बाजूवर हसणं? मला त्याक्षणी उत्तर माहीत होतं. बाहेर अंगणात, पंधरा फुटांवर, पांढरी पाटी होती. मी म्हणाले, "जो सत्तेत असतो त्यालाच प्रश्न विचारायचे असतात." टाळी मिळेल असं वाक्य होतं. स्टुडिओत कोणीतरी 'वा' म्हटलंही.

"करू," खिडकीमागून. "रंग वाळून राहिला."

मी फोनचा आवाज क्षणभर बंद केला. "दोनच मिनिटं, बाबा. लाइव्ह आहे."

"बरं."

मोहल्ल्याच्या तोंडाशी ढोल सुरू झाले होते. पिवळी मारबत निघाली की आमच्या गल्लीचा बडग्या कोपऱ्यावर तिच्या मागे लागायचा. ती कोणासाठी थांबत नसे. ढोल जवळ येत गेले. निवेदिकेने विचारलं, तुमच्या वडिलांना भीती वाटते आहे का? मी म्हणाले, "माझे वडील कोणाला घाबरत नाहीत. आमच्या बडग्याला हात लावून दाखवा."

खिडकीवर टकटक झाली. दोनदा. या वेळी हाक नव्हती. मी कॅमेऱ्याकडे पाहत राहिले आणि हात मागे करून, बोटांनीच, थांबा म्हटलं. खिडकी बंद होती. त्यांना ते दिसलं नसणार.

ढोल कोपऱ्यावर आले, खूप मोठे झाले, आणि मग लहान होत गेले.

*

मी बाहेर आले तेव्हा नऊ वाजून गेले होते. अंगणात बाबा एकटेच होते. बडग्या जमिनीवर पालथा झोपवलेला होता आणि ते त्याच्या खांद्यापाशी उकिडवे बसून सुतळीच्या गाठी सोडत होते. कापत नव्हते. एकेक गाठ नखाने सैल करून सोडत होते, म्हणजे बांबू पुन्हा वापरता यावेत.

"निघालाच नाही?" मी विचारलं.

"नाई."

"काका?"

"बबन गेला. पोट्टे त्याले घेऊन गेले. विठ्ठल पाटी घेऊन गेला."

"कोणती?"

"पुढची. म्हणे, बडग्या नाई तं नाई, पाटी तरी मिरवतो. पक्षाचे लोक आले होते, त्यांच्यासंगं गेला." एक गाठ सुटली. बाबांनी सुतळी बोटाभोवती गुंडाळली.

"आणि मागची?"

"ठेवली."

मी त्यांच्याजवळ बसले. बडग्याचा एक हात माझ्या बाजूला होता. मी त्याची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना.

"राहू दे. नख तुटंल," बाबा म्हणाले. मग जरा वेळाने, "मी पाहिलं टीव्हीवर. शेजारी निमज्यांच्या घरी जाऊन आलो मधात. बरी बोलली. तुझी आई बोलताना अशीच मान वाकडी करायची."

"बाबा, मी संध्याकाळी..."

"हाव."

"पुढच्या वर्षी दोन दिवस आधी येते."

"हाव. पुढच्या वर्षी."

बडग्या घरात राहू नये, असं म्हणतात. ज्याला हाकलायला बनवला तोच मुक्कामाला राहतो. बाबांनी कागद मागच्या नालीपाशी नेऊन जाळला, कात्र्यांसकट. डोळे जळताना त्यांनी पाहिलं नाही, ते बांबू मोजत होते. दुपारी मला पोहे गरम करून दिले. सकाळचेच होते, तिघांसाठी केलेले. विठ्ठलकाकांच्या हातातल्या पाटीचा फोटो तोवर सगळीकडे गेला होता. तीन फिती, आणि मागे पक्षाचे झेंडे. वाद चार दिवस चालला. पाचव्या दिवशी लोकांना दुसरं काही मिळालं.

संध्याकाळी मी काहीच टाकलं नाही. टाकायला काही नव्हतं.

*

पुढच्या वर्षी मी दोन दिवस आधी गेले. बाबा म्हणाले, हात थरथरतो. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाले, बांबूच चांगला येत नाही आता. मग मी विचारणं सोडलं. त्यांचा हात थरथरत नव्हता. दिवाळीला पाकिटावर माझा पत्ता लिहायचे, तो छापल्यासारखा असायचा.

बबनकाका आणि विठ्ठलकाका एकमेकांशी बोलेनासे झाले. बबनकाकांच्या नातीच्या लग्नाला विठ्ठलकाका गेले नाहीत. गल्लीचे व्हॉट्सॲपचे दोन गट झाले. बाबा कोणत्याच गटात नव्हते, त्यांच्याकडे तो फोन नव्हता. बबनकाका सकाळी येऊन पायरीवर बसत, विठ्ठलकाका दुपारी. बाबा दोघांना चहा देत आणि एकाजवळ दुसऱ्याचं नाव काढत नसत. 'खाजकुयली' तीन वर्षांनी बंद पडली. मी आता शाळेची पुस्तकं तपासते.

फोनवर आम्ही भाजी, पाणी, गुडघा यांवर बोलायचो. ते शेवटी म्हणायचे, "ठेवू का मग?" मी "ठेवा" म्हणायचे. त्या दोन शब्दांच्या मधे रोज थोडी जागा असायची. मी एकदाही तिथे काही बोलले नाही.

या फेब्रुवारीत बाबा गेले. तीन दिवसांचं आजारपण. मी वेळेवर पोचले असं सगळे म्हणाले.

त्यांना उचलायची वेळ झाली तेव्हा खांदा द्यायला पुष्कळ लोक होते. मी मडकं धरून पुढे उभी होते, म्हणून मला नीट दिसलं. बबनकाका तिरडीच्या पुढच्या बांबूपाशी आले. वाकले. मग थांबले, सरळ झाले आणि हळूहळू चालत मागे गेले. मागे विठ्ठलकाका उभे होते. त्यांनी बबनकाकांकडे पाहिलं आणि ते पुढे आले.

मधल्या काळात सरकार बदललं होतं.

गल्लीतल्या पोरांना काय झालं ते कळलं नाही. मी वळले आणि चालायला लागले.

तेरवी झाल्यावर पाहुणे गेले. बबनकाका पायरीवर बसले होते. सकाळची त्यांची वेळ. मी चहा आणला.

"मी त्या दिवशी गेलो नव्हतो," ते एकदम म्हणाले. कोणता दिवस ते मला विचारावं लागलं नाही. "लोक म्हणतात बबन पळाला. मी कोपऱ्यावर होतो. पोट्टे होते संगं. मी त्यांले म्हणून राहिलो, थांबा बे, आता बांधते पाटी. दोनदा आलो पाहाले अंगणात. श्रावण पाटी घेऊन बसला होता. इथंच, या पायरीवर."

"काका..."

"मी म्हटलं, लिही ना बे. ओळ ठाऊक आहे ना तुले? म्हणे, ठाऊक आहे. मले सांगितलीही. मी हसलो. त्याही घडीले हसलो मी." ते आताही किंचित हसले. "मग लिही ना, म्हटलं, मारबत कोपऱ्यावर आली. तुये हातचं काम, दोन मिनिटंही नाई लागत. तं म्हणे, तिची पाटी आहे, बबन. येऊन राहिली ती."

चहा निवत होता. त्यांनी बशीत ओतला.

"पाटी आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. अकरा वर्षांत मी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

काका गेल्यावर मी घरभर शोधलं. माळ्यावर नव्हती, रंगांच्या पेटीमागे नव्हती. बाबांच्या खाटेवरची गादी उचलली तेव्हा सापडली. फळ्यांवर, गादीखाली, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून सपाट ठेवलेली. ते तिच्यावर झोपत होते.

लुगडं सोडवून पाटी मी खिडकीपाशी नेली. पांढरा रंग पिवळट झाला होता, पण कुठे पोपडा नव्हता. पेन्सिलीच्या रेघा जवळ धरल्यावर दिसल्या. दोन ओळींच्या दोन दोन रेघा, मोठ्या अंतराच्या. मी तेव्हा पस्तिशीची होते, माझी अक्षरं केव्हाच सरळ झाली होती. त्यांनी सात वर्षांच्या मुलीसाठी आखतात तशा आखल्या होत्या.

डाव्या कोपऱ्यात फुली होती.

मी तिच्यावर बोट ठेवलं. अंगणात कोणी नव्हतं, खिडकी उघडी होती. मी बोट तिथेच ठेवून थांबले. दोन मिनिटं, आणि मग आणखी.